रविवारच्या ट्रॅकसाठी सोमवारचे टायर बदलू नका



मागच्या व्हिडिओत धंद्याच्या गाडीच्या खर्चावर बोललो आणि टायरचा विषय दोन मिनिटांत उरकला. तो तसा उरकायला नको होता, म्हणून आज सविस्तर लिहितोय. ज्यांची एकच गाडी आहे, ती आठवडाभर धंद्याला पळते आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याकडून काहीतरी वेगळं हवं असतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. वेगळं म्हणजे कुणाला घाटात फिरायचं असेल, कुणाला शेतात न्यायची असेल. आजच्या उदाहरणातल्या मुलाला ती रेस ट्रॅकवर न्यायची आहे.

हा मुलगा मला कापूरहोळला भेटला. ज्यांनी गाव पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, खेड शिवापूरचा टोलनाका आणि नसरापूर फाटा मागे टाकलात की कापूरहोळ येतं. इथून एका बाजूला भोरचा रस्ता फुटतो, दुसऱ्या बाजूला नारायणपूर-सासवडचा. नारायणपूरच्या वाटेवर केतकावळ्याचा बालाजी. शनिवार-रविवारी फाट्यावर गाड्यांची रीघ असते. अशा जागी कार वॉश आणि डिटेलिंग सेंटर टाकायची त्याची कल्पना मला पहिल्या पाच मिनिटांत पटली. जागा बघितलेली, पाण्याची सोय केलेली, प्रेशर वॉशरचं कोटेशन हातात. मग त्याने खर्चाचा कागद दाखवला. त्यात खालून तिसरी ओळ होती: 'टायर, ५६,०००'.

मी विचारलं, "ट्रक घेतोयस का?"

"नाही सर, माझ्या गाडीला. सेमी-स्लिक."

तर भानगड अशी होती. त्याच्याकडे सेकंड हँड हॅचबॅक आहे, सोळा इंची अलॉयची. मित्रांबरोबर तो मावळातल्या नानोली स्पीडवेला गेला, मित्राच्या गाडीत बसून फेऱ्या मारल्या आणि वेड लागलं. लागणारच. आपल्याकडे कोल्हापूरला मोहिते रेसिंग ॲकॅडमी आहे, आता पुण्याजवळही ट्रॅक झाला. पूर्वी या हौसेसाठी कोइंबतूर नाहीतर चेन्नई गाठावी लागायची, आता सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. आणि रस्त्यावर वेग दाखवण्यापेक्षा ट्रॅकवर दाखवलेला मला हजारपट बरा वाटतो. त्याच्या हौसेला माझी हरकत नव्हती, आजही नाही.

त्याचे जुने टायर गोटा व्हायला आले होते. कुणीतरी सांगितलं की सेमी-स्लिक टाक, रस्त्यावरही चालतात, ट्रॅकवरही पळतात. "सर, एकाच सेटमध्ये दोन्ही कामं होतात. शिवाय ट्रॅकवरचं रील टाकलं की सेंटरची जाहिरात होईल."

माझं मत मी त्याला तिथेच सांगितलं, तुम्हालाही सांगतो. आठवडाभर धंद्याला पळणाऱ्या गाडीला ट्रॅकचे टायर लावू नका. टायर आठवड्याच्या कामासाठी निवडा आणि त्याच टायरवर ट्रॅक शिका. ट्रॅकचा वेगळा सेट घ्यायचाच असेल तर धंद्याने तो कमावून दिल्यावर घ्या, आणि तो घरी कोपऱ्यात ठेवा, गाडीवर नको.

का, ते समजून घ्या. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामध्ये जे पाणी येतं त्याला बाहेर जायला त्या वाट देतात. कोरड्या ट्रॅकवर पाणीच नाही, म्हणून तिथे खाचा कमी आणि रबर जास्त चालतं. जितकं रबर टेकेल तितकी पकड. पूर्ण गुळगुळीत टायर म्हणजे स्लिक, तो रस्त्यावर चालतच नाही. सेमी-स्लिक म्हणजे त्याच्यावर कामापुरत्या खाचा पाडलेला भाऊ. रबर मऊ आणि चिकट, पण ते गरम झाल्यावर. थंडीत पहाटे घरातून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर हा महागडा टायर साध्या टायरपेक्षाही कमी पकडू शकतो. आणि पावसात वेग थोडा जास्त झाला, रस्त्यावर पाणी साचलेलं असलं, की टायर पाण्यावर तरंगतो. तरंगला की स्टिअरिंग हलकं होतं, ब्रेक दाबला तरी काही घडत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मीही स्वस्तात मिळाले म्हणून कुणाचे तरी वापरलेले 'स्पोर्ट' टायर घेतले होते, रुंद, दिसायला झकास, नक्षी जेमतेम उरलेली. जुलैचा महिना. साताऱ्याहून येताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलो आणि नवले पुलाकडचा उतार सुरू झाला. तो उतार ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको, तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण दर थोड्या दिवसांनी वाचतो. पुढच्या टेम्पोचे दिवे लागले, मी ब्रेक दाबला आणि गाडी दोन-तीन सेकंद नुसती घसरत राहिली. टेम्पो पुढे सरकला म्हणून वाचलो. मागच्या सीटवर बायको आणि मुलगी होती. दुसऱ्या दिवशी चारही टायर बदलले.

आता त्या मुलाची गाडी कुठे फिरते ते बघा. कापूरहोळ ते पुणे माल आणायला, आठवड्यातून दोनदा. कापूरहोळ ते भोर रोज, कारण घर तिकडे. महिन्यातून एकदा खंबाटकी ओलांडून साताऱ्याला. भोरच्या पश्चिमेला पाऊस काय असतो ते वरंध घाटाने महाडला गेलेल्या कुणालाही विचारा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही गाडी ओल्या रस्त्यावर असणार. ट्रॅकवर ती वर्षातून फार तर सहा दिवस जाईल, तेही पावसाळा सोडून. सहा दिवसांसाठी उरलेल्या साडेतीनशे दिवसांची पकड द्यायची, हा सौदा कोण करेल?

फॉर्म्युला वनची उदाहरणं सगळे देतात, तर तेही देतो. तिथे पैशाला तोटा नाही. तरीही कोरड्यासाठी स्लिक वेगळे, हलक्या ओलीसाठी इंटरमीजिएट वेगळे आणि जोरदार पावसासाठी वेट वेगळे. पाऊस आला की गाडी पिटमध्ये घेतात आणि टायर बदलतात. ज्यांना सगळ्यात भारी टायर मिळतात तेसुद्धा एकाच टायरवर दोन्ही हवामानं काढत नाहीत. आपल्याला हायवेवर पिट क्रू नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण या पानावर तुम्ही त्यासाठीच येता. खालचे आकडे मी हिशोब समजावा म्हणून धरलेत, तुम्ही तुमच्या डीलरचे दर टाका. समजा चांगला रस्त्याचा टायर ७,००० ला एक, म्हणजे सेट २८,०००, आणि तो ४०,००० किलोमीटर चालतो. किलोमीटरला ७० पैसे. सेमी-स्लिक १४,००० ला एक, सेट ५६,०००, आणि रोजच्या वापरात तो १२,००० किलोमीटरला संपतो. किलोमीटरला ४ रुपये ६७ पैसे. गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर फिरते, म्हणजे वर्षाला १८,०००. पहिल्या टायरचा वर्षाचा खर्च १२,६००. दुसऱ्याचा ८४,०००. फरक ७१,४०० रुपये.

एका गाडीच्या वॉशमागे पाणी, शॅम्पू, पोरांचा पगार जाऊन १५० रुपये सुटतात असं धरा. ७१,४०० साठी ४७६ गाड्या धुवाव्या लागतील. महिन्याला चाळीस गाड्या नुसत्या टायरसाठी! हा हिशोब मी त्याच्याच कागदाच्या मागे करून दाखवला, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

आणखी एक. मुद्रा योजनेत 'शिशु' गटाची कमाल मर्यादा ५०,००० रुपये आहे. म्हणजे सरकार ज्या रकमेत एखाद्याचा छोटा धंदा उभा राहू शकतो असं धरतं, त्याहून सहा हजार जास्त हा मुलगा चार टायरवर घालत होता. तेही खेळत्या भांडवलातून. पहिल्या पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी होणार हे कार वॉशवाल्याला कुणी सांगायला नको. तेव्हा पगार द्यायला हेच ५६,००० लागतील.

जाहिरातीचं म्हणाल तर रीलमध्ये टायर दिसत नाहीत. गाडी चकचकीत दिसते का, ते दिसतं. आणि तेच तर तो विकतोय.

बरं, मग साध्या टायरवर ट्रॅकला जायचं का? जायचं. सुरुवातीला तर त्यावरच जायचं. रस्त्याचा चांगला टायर पकड सोडताना आधी ओरडतो, हळूहळू सोडतो, आणि आपण चुकतोय हे कळायला वेळ मिळतो. चिकट टायर खूप उशिरापर्यंत धरून ठेवतो, नवशिक्याला वाटतं आपल्याला फार येतं, आणि मग सोडतो तेव्हा वेग जास्त असतो. शिवाय टायरची पकड वाढली की पुढचा भार ब्रेकवर येतो. जुनं ब्रेक ऑइल उकळलं की पेडल खाली जातं. म्हणून पहिले दोन-तीन हजार टायरवर नको, ताजं ब्रेक ऑइल आणि चांगल्या पॅडवर घाला. रस्त्यावरच्या टायरचा तोटाही सांगतो: सलग फेऱ्या मारल्या तर तो तापतो, कडेच्या नक्षीचे तुकडे उडतात. दोन-तीन जोरात फेऱ्या, मग एक सावकाश, मग थांबा. घाई कसली आहे?

हवेबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे जाणकार माणसंही चुकतात. सकाळी थंड टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली. ट्रॅकवर टायरमधली हवा २५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापली, तर दाब ३९ च्या आसपास जातो. दाब वाढला की टायर मधे फुगतो, टेकायची जागा कमी होते, म्हणून ट्रॅकवाले गरम टायरमधून हवा सोडतात. समजा ३३ वर आणली. छान. संध्याकाळी गाडी थंड झाली की तोच टायर २७ च्याही खाली येतो. आणि याच गाडीत बसून, चार माणसं आणि सामान घेऊन, तुम्ही बायपासने शंभरच्या वेगाने घरी निघता. कमी हवेचा टायर बाजूने दुमडत राहतो, आतून तापतो, आणि उन्हाळ्यात हायवेवर टायर फुटण्याचं एक मोठं कारण हेच आहे. ट्रॅकला जाताना डब्यात जेवण नसलं तरी चालेल, पण बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि प्रेशर गेज पाहिजे. घरी निघण्याआधी हवा परत भरायची. गाडीच्या दारापाशी कंपनीचा जो स्टिकर असतो, त्यावरचा आकडा. (नायट्रोजन भरा म्हणून कुणी मागे लागलं तर लागू द्या. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरा दिवसांनी गेज लावणं त्याहून जास्त उपयोगी.)

टायर घ्यायला जाल तेव्हा टायरच्या बाजूवरचं वाचायला शिका. समजा लिहिलंय १९५/५५ आर१६ ८७व्ही. रुंदी १९५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ५५ टक्के, रेडियल, सोळा इंची रिम. ८७ हा वजनाचा आकडा, एका टायरवर ५४५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. एच असेल तर २१०. यातला वजनाचा आकडा आपल्या लोकांनी कधीच बघितलेला नसतो, आणि धंद्याची गाडी तर भरलेली असते. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा तो कमी घेऊ नका. मग चार अंकी तारीख बघा: १२२५ म्हणजे २०२५ सालचा बारावा आठवडा. दुकानदार "नवाच आहे" म्हणतो तेव्हा तो वापरलेला नाही एवढंच सांगत असतो. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला असू शकतो. आयएसआयचा शिक्का बघा, तो आपल्याकडे बंधनकारक आहे. बाहेरून आलेले वापरलेले ट्रॅक टायर स्वस्तात मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

अनेक टायरवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो, २००, ३००, ४०० असा. ही अमेरिकन पद्धत आहे. आकडा जितका मोठा तितका टायर हळू झिजतो, जितका लहान तितकं रबर साधारण मऊ. पण हा आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते, म्हणून एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० सारखाच असं समजू नका. एकाच कंपनीतले दोन टायर ताडून बघायला तो बरा. आपल्यासारख्याने, म्हणजे रोज रस्ता आणि कधीतरी ट्रॅक, २०० च्या खाली जायचं कारण नाही. ३०० च्या आसपास, भरपूर खाचांचा, ओल्या रस्त्यावर चांगला म्हणून नाव असलेला टायर घ्या. ओल्या पकडीची किमान अट आता सरकारनेही घातली आहे, एआयएस-१४२ या मानकात, २०२२ च्या अधिसूचनेने. पण किमान म्हणजे किमान. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न "पावसात कसा आहे?" हाच ठेवा, "किती किलोमीटर जाईल?" हा दुसरा.

रुंद टायरचा मोहही सोडा. रुंद टायर कोरड्यावर जास्त टेकतो, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. आणि बजेट दोनच टायरचं असेल तर नवे दोन मागे लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. पंक्चरवाला हटकून पुढे लावा म्हणेल. मागची चाकं ओल्या वळणावर सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं आपल्यातल्या बहुतेकांना जमत नाही. नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. भोर-वेल्ह्याकडच्या पावसात मी ३ मिलिमीटरला बदलतो.

विम्याचं एक सांगितलं नाही तर वाचक मला माफ करणार नाहीत. तुमच्या खासगी गाडीची पॉलिसी काढा आणि 'वापराच्या मर्यादा' वाचा. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी यासाठीचा वापर त्यात वगळलेला असतो. म्हणजे ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च खिशातून. त्याच परिच्छेदात आणखी एक गोष्ट असते जी ट्रॅकपेक्षा आपल्या धंद्याशी जास्त निगडित आहे: नमुने आणि स्वतःचं सामान सोडून मालाची वाहतूकही वगळलेली असते. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून रोज शॅम्पूचे कॅन आणि मशीन वाहताय ना? विमा एजंटला फोन करून लेखी विचारून घ्या. त्यावर एक वेगळा व्हिडिओ करतो.

तुमच्यातल्या काही जणांना टायरचं दुकान टाकायचंय हे मला माहीत आहे. या सगळ्यात तुमच्यासाठी एक काम आहे. गिऱ्हाईक आलं की किंमत सांगायच्या आधी विचारा, "गाडी आठवडाभर कुठे असते?" त्या मुलाला सेमी-स्लिक विकायला निघालेल्याने हा प्रश्न विचारला असता तर त्याला २८,००० चा सेट विकता आला असता, आणि कार वॉशवर येणारी निम्मी गिऱ्हाइकं पुढे त्याच्याकडे टायरला गेली असती.

मुलाने शेवटी रस्त्याचेच चार टायर घेतले, कंपनीच्या मापाचे. उरलेल्या २८,००० पैकी ब्रेकचं काम केलं, एक पंप घेतला, बाकी पैसे बँकेत ठेवले. सेंटरची पाटी लागली आहे. ट्रॅकची तारीख त्याने दिवाळीनंतरची धरली आहे आणि मला म्हणतोय, "सर, तुम्ही पण चला." मी येईन म्हणालो, पण शेजारच्या सीटवर नाही. गेज घेऊन बाहेर उभा राहीन.